सासरहून माहेरी, कृष्णेच्या काठाने

पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचं, हा प्रश्न साताऱ्यात फारसा पडत नाही. अजिंक्यतारा, सज्जनगड, कास, ठोसेघर; वेळ उरलाच तर महाबळेश्वर, आणि निघताना कंदी पेढे. माझ्या माहेरी, सांगलीलाही तसंच. गणपतीचं देऊळ, नरसोबाची वाडी, औदुंबर आणि पिशवीत भडंग. मी सांगलीची लेक आणि साताऱ्याची सून. कृष्णामाईचा प्रवासही तोच. ती साताऱ्याकडून सांगलीकडे वाहते, म्हणजे माझ्या सासरहून माझ्या माहेरी ती रोज जाते. मी मात्र वर्षातून दोनदा, ते सुद्धा मुलांच्या परीक्षा आणि घरातली कार्यं सांभाळून!

गेल्या दोन वर्षांत मात्र या वाटेवर माझं जाणंयेणं वाढलं आहे, आणि सोबत आहेत आमच्या सासूबाई. वय शहात्तर. गुडघे कुरकुरतात, पण जीभ आणि नजर दोन्ही शाबूत. आम्ही दोघींनी मिळून या नदीच्या काठाकाठानं काही ठिकाणं पाहिली. ती सगळी बायकांची. कुणी राहिली, कुणी राज्य केलं, कुणी विहीर बांधली, कुणी गायली. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाला साताऱ्या-सांगलीकडे यायचं असेल तर उपयोग होईल, म्हणून हे लिहीत आहे. आणि ज्या इथल्याच आहेत त्यांच्यासाठी तर जास्तच.

सुरुवात माहुलीपासून झाली. साताऱ्यापासून पूर्वेला पाचेक किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा एकमेकींना मिळतात. एका काठाला संगम माहुली, दुसऱ्या काठाला क्षेत्र माहुली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. साताऱ्याची स्मशानभूमीही तिथंच. त्यामुळे आमच्याकडे 'माहुलीला नेलं' म्हटलं की पुढं काही विचारायची गरज नसते.

आमच्या मामंजींना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांना माहुलीला नेलं तेव्हा घरातले सगळे पुरुष गेले, अगदी शेजारचा दहावीतला मुलगा सुद्धा गेला. आम्ही बायका उंबरठ्याच्या आत. पुढं अस्थी, दहावं, तेही पुरुषांनीच केलं. सासूबाईंचं माहेर कोरेगावकडचं. म्हणजे लग्न झाल्यापासून माहेरी जाताना-येताना एसटी माहुलीच्या पुलावरूनच जायची. खिडकीतून पाण्यात पैसा टाकायचा, हात जोडायचे आणि पुढं. पन्नासावर वर्षं त्या पुलावरून गेलेल्या या बाई माहुलीला उतरल्या मात्र एकदाही नव्हत्या. बायकांनी तिथं कशाला उतरायचं?

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर एकदा भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "मला एकदा ती जागा बघायचीय गं. यांना कुठं नेलं ते."

घरात ही गोष्ट काढली तेव्हा आमच्या यांचा चेहरा पडला. धाकटे दीर म्हणाले, "आईला त्रास होईल, नको." त्रास होणार हे खरंच होतं. पण इतकी वर्षं तो आतल्या आत होतच होता की! शेवटी एका बुधवारी, सगळे कामावर गेल्यावर, आम्ही दोघी रिक्षा करून गेलो. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, पाण्याची बाटली आणि बसायला एक जुनी सतरंजी.

स्मशानाच्या बाजूला आम्ही फार वेळ थांबलो नाही. सासूबाईंनी लांबून पाहिलं, नमस्कार केला आणि म्हणाल्या, "बरी जागा आहे. नदी दिसते." बस, एवढंच. मग त्याच मला ओढत घाटाकडे घेऊन गेल्या.

घाट पाहून मीसुद्धा थक्क झाले. रुंद, दगडी, पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या पायऱ्या. समोर विश्वेश्वराचं देऊळ. ते श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधलं. नदीपलीकडे क्षेत्र माहुलीचा रामेश्वर. आणि या काठांवर छत्रपतींच्या घराण्यातल्या समाध्या. पाटी वाचून थेट पोहोचावं असं काही नाही, विचारत विचारतच जावं लागतं. पावसाळ्यात पाणी चढतं, गाळ येतो. म्हणून दिवाळीनंतर, पाणी उतरल्यावर जावं. थोरल्या शाहू महाराजांची समाधी काठावरच आहे. त्यांच्या लाडक्या कुत्र्याचीही आहे. वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं अशी गोष्ट सांगतात. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना सगळ्यांत जास्त आवडेल ती हीच.

पण सासूबाई थबकल्या त्या येसूबाईंच्या समाधीपाशी. जुन्या कागदपत्रांच्या आधारानं अभ्यासकांनी ही जागा अलीकडे लोकांपुढं आणली. मी जे वाचलं होतं ते त्यांना सांगितलं. १६८९ साली संभाजीराजांना औरंगजेबानं मारलं. त्याच वर्षी रायगड पडला आणि येसूबाई लहानग्या शाहूला घेऊन मोगलांच्या कैदेत गेल्या. १७०७ मध्ये शाहू सुटले. येसूबाईंना मात्र ओलीस म्हणून ठेवून घेतलं. त्या परत आल्या १७१९ मध्ये, बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून आले तेव्हा. जवळजवळ तीस वर्षं!

सासूबाई बोटांवर काहीतरी मोजत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे पोरगा सुटून घरी आल्यावर सुद्धा ही बारा वर्षं तिकडंच?"

"हो."

"आणि आली तेव्हा घरात सुना आलेल्या असणार."

"असणारच."

"त्यांनी तिला पाहिलेलं नसणार, तिनं त्यांना. घरात कुठली वस्तू कुठं ठेवतात ते सुद्धा हिला विचारावं लागलं असेल गं." असं म्हणून त्यांनी त्या दगडावरचा पाचोळा हातानं बाजूला केला. शाळेत सनावळ्या पाठ करताना मला हा प्रश्न कधी कुणी घातला नव्हता. परीक्षेत असे प्रश्न असते तर इतिहासात बायकांना जास्त मार्क पडले असते!

तिथंच ताराबाईंची समाधी. ताराबाई या सरसेनापती हंबीरराव मोहित्यांच्या कन्या, म्हणजे कऱ्हाडजवळच्या तळबीडच्या; आमच्या जिल्ह्याचीच लेक. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले तेव्हा त्या पंचविशीच्या. त्याच सुमारास औरंगजेबानं साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घातला होता, आणि १७०० च्या एप्रिलमध्ये किल्ला त्याच्या हाती पडला. अशा वेळी त्या बाईनं मुलाला गादीवर बसवून पुढची सात वर्षं बादशहाशी लढाई चालू ठेवली. १७०७ मध्ये बादशहा इथंच, दख्खनमध्ये मेला. पुढं शाहू महाराज आले आणि गादीवरून चुलती-पुतण्यांचं जन्माचं वाकडं झालं. इतकं करून शेवटी ताराबाई साताऱ्यालाच राहिल्या, आणि १७६१ च्या डिसेंबरात इथंच वारल्या. आज दोघंही एकाच काठावर आहेत. भाऊबंदकीच्या घरात हे चित्र काही नवीन नाही.

शाहू महाराज १७४९ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या राणी सकवारबाई इथंच सती गेल्या. वारसाच्या राजकारणात त्या आड येत होत्या, म्हणून त्यांना त्या वाटेला लावलं असं इतिहासकार लिहितात. हे मी सासूबाईंना तिथं सांगितलं नाही. घरी आल्यावर सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "एक तीस वर्षं वाट बघत बसली, एक लढली, एकीला जाळली. नवरा गेल्यावर बाईचं काय करायचं, हे ठरवणारे दुसरेच."

त्या दिवसापासून आम्हाला नादच लागला. दर दोन-तीन महिन्यांनी एक ठिकाण. नियम एकच: तिथं बाईची खूण हवी.

दुसरी फेरी लिंबला. पुण्याच्या रस्त्यानं निघालं की पंधरा-सोळा किलोमीटरवर लिंब गाव लागतं. तिथली बारामोटेची विहीर आता बऱ्याच जणींनी फोटोत पाहिली असेल. पण फोटोत तिची खोली कळत नाही. सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद. पायऱ्या उतरून दगडी दरवाजातून आत शिरलं की विहिरीतच एक छोटासा महाल! भिंतींवर हत्ती, वाघासारखे प्राणी कोरलेले. एकाच वेळी बारा मोटा चालायच्या, म्हणून बारामोटेची. आमच्या मुलांना मोट म्हणजे काय हे सांगावं लागलं: चामड्याची मोठी पखाल, बैल उताराला लागले की ती भरून वर येते आणि थारोळ्यात पाणी ओतते. हे पाणी इथल्या आमराईला जायचं.

ही विहीर बांधून घेतली विरुबाईंनी, १७१९ ते १७२४ या काळात. म्हणजे येसूबाई ज्या वर्षी घरी परतल्या त्याच वर्षी इथं कुदळ पडली. विरुबाई ही शाहू महाराजांची लग्नाची राणी नव्हे. पण महाराजांच्या घरात तिचा शब्द चालायचा, आणि अक्कलकोटच्या फत्तेसिंह भोसल्यांना तिनंच मुलासारखं वाढवलं. १७४० मध्ये ती वारली. विहिरीच्या शिलालेखात तिचं नाव आहे. माझी धाकटी नणंद इंग्लंडात मुलीच्या बाळंतपणाला गेली होती, एका लहानशा गावात. ती सांगत होती की तिथं जुन्या घरांवर निळ्या गोल पाट्या असतात. अमका इथं जन्मला, तमका इथं राहिला. गावच्या वाचनालयात नकाशा मिळतो, तो घेऊन बायका बाबागाडी ढकलत गावाचा इतिहास बघत फिरतात. मी तिला म्हटलं, आमच्या विरुबाईनं स्वतःची पाटी स्वतःच दगडात कोरून घेतली, तीनशे वर्षांपूर्वी! कुणी लावेल म्हणून वाट बघत बसली नाही.

एक सूचना. विहिरीच्या काठाला फार सांभाळून राहा, लहान मुलांचा हात सोडू नका. आणि खाऊची पाकिटं आत टाकू नका. आम्ही गेलो तेव्हा पाण्यावर वेफर्सची पाकिटं तरंगत होती. ते पाहून सासूबाईंनी एका कॉलेजच्या घोळक्याला असं काही सुनावलं की मला तोंड फिरवून हसावं लागलं.

वाईला गेलात तर ढोल्या गणपतीनंतर तसंच पुढं मेणवलीला जा. नाना फडणविसांचा वाडा आणि घाट. सिनेमावाल्यांमुळे घाट माहीत झालाच आहे. तिथल्या देवळात टांगलेली मोठी घंटा मात्र नीट बघा. वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांकडून आलेली ही घंटा, १७०७ सालची, आणि तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी आहे. नाना १८०० मध्ये गेले तेव्हा त्यांच्या पत्नी जिऊबाई अगदी अल्पवयीन होत्या. पुढं त्या मेणवलीला राहिल्या. वाड्यातल्या भिंतींवरची चित्रं बघताना मला नानांपेक्षा त्यांचीच आठवण जास्त येत होती. एवढ्या चौकांच्या वाड्यात संध्याकाळी दिवे लावायला तरी कितीजणी लागत असतील?

सज्जनगडाबद्दल वेगळं काय लिहायचं! आता गाडी बरीच वर जाते, तरी पायऱ्या आहेतच. सासूबाई दर वीस पायऱ्यांना बसत चढल्या. रांग असते ती समर्थांच्या समाधीपुढं. पण गडावर वेणाबाईंचं वृंदावन आहे, अक्कांचं आहे, तिथं आम्ही जरा निवांत बसलो. समर्थ १६८२ मध्ये गेले. त्यांच्यामागं मठाचा कारभार अक्कांनी पाहिला. मोगल परळीच्या किल्ल्यावर चालून आले तेव्हा देवाच्या मूर्ती सुरक्षित जागी हलवल्या त्या त्यांनीच, असं सांगतात. वेणाबाई तर बालविधवा. सासर मिरजेचं. त्या काळी केशवपन, सोवळं आणि कोपऱ्यातली एक खोली, एवढंच जिच्या नशिबी होतं, ती बाई समर्थांच्या अनुज्ञेनं उभी राहून कीर्तन करू लागली, ओव्या रचू लागली आणि मिरजेच्या मठाची मठपती झाली. लोकांनी काय काय बोल लावले असतील याची कल्पना करा. घरच्यांनी तिला विष दिलं अशीही आख्यायिका आहे. १६७८ मध्ये, गडावरच तिनं देह ठेवला.

सासूबाई म्हणाल्या, "आता हिचं मिरजेचं घर बघायचं." म्हणजे माझं माहेर!

त्या फेरीला आम्ही कोयना एक्स्प्रेसनं गेलो. मोटारीपेक्षा आगगाडी बरी; पाय पसरता येतात आणि डबा उघडता येतो. वाटेत किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर हे गाव वसवलं, नांगर बनवले, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण 'स्त्री' मासिक सुद्धा या माळावरूनच निघालं, १९३० मध्ये. शंकरराव किर्लोस्कर संपादक. लोखंडाच्या कारखान्याशेजारी छापलेला तो अंक गावोगावच्या माजघरांत जायचा. सासूबाईंच्या आईकडे यायचा म्हणे; पुरुषांची जेवणं झाल्यावर बायका एकमेकींना वाचून दाखवायच्या. स्टेशनवर गाडी थांबली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात जोडले. समोरच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, "इथं कुठला देव?" मी काय सांगणार!

मिरजेत वेणास्वामींचा मठ पाहिला. छोटासाच आहे, शांत. तिथून मीरासाहेबांच्या दर्ग्याला गेलो. अब्दुल करीम खाँसाहेबांचं या दर्ग्याशी नातं. १९३७ मध्ये ते गेले, तेव्हापासून त्यांची कबर इथंच आहे आणि उरुसात गवई येऊन हजेरी लावतात. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर, जन्म मिरजेचाच, १९०५ चा. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या गायिकांत त्यांचं नाव घेतात. नऊवारी पातळ, डोक्यावर पदर आणि समोर हजार माणसं. बाईनं चारचौघांत गाणं म्हणजे काय, याचा अर्थच त्यांनी बदलून टाकला. तंतुवाद्यांच्या गल्लीत सुकलेल्या भोपळ्यांचे ढीग पाहून सासूबाईंना आधी वाटलं भाजीबाजारच आहे! भोपळे पंढरपूरच्या बाजूचे येतात, कडू जातीचे, आणि त्यांचे तंबोरे होतात. एका कारागिरानं तार छेडून दाखवली तेव्हा मात्र त्या डोळे मिटून बसल्या.

एक गंमत सांगते. वेणाबाईंनी 'सीतास्वयंवर' रचलं. आणि सांगलीला विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये मराठी नाटकाचा आरंभ केला, तेही 'सीतास्वयंवर'च! फरक एवढाच की नाटकातली सीता पुरुषच झाला होता. मिरजेच्या बाईची सीता मात्र बाईनंच लिहिलेली.

शेवटी हरिपूर. सांगलीपासून अगदी जवळ, कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ. माझ्या वहिनी आल्या होत्या बरोबर. हरिपूरची खासियत म्हणजे हळदीची पेवं. जमिनीत खोल खणलेले हे कोठार. वर तोंड लहान, आत पोट मोठं. लिंपून बंद केलं की हळद वर्षानुवर्षं टिकते, भुंगा लागत नाही. २००५ च्या पुरात यातली बरीच पेवं पाण्यात गेली आणि पुष्कळांनी पुन्हा भरलीच नाहीत. वहिनींच्या ओळखीच्या एका घरी हळकुंडांचं पोतं उघडलेलं होतं. चांगलं हळकुंड कसं ओळखायचं ते त्या घरच्या बाईंनी दाखवलं: मोडलं की आतून गर्द केशरी दिसलं पाहिजे, आणि हाताला जड लागलं पाहिजे.

निघताना त्यांनी करंडा आणला. वहिनींना लावलं, मला लावलं आणि सासूबाईंसमोर त्यांचा हात थांबला. त्या बाईंचं काही चुकलं नाही, रीतच तशी. क्षणभर कुणीच काही बोललं नाही. सासूबाई शांतपणे खाली बसल्या, त्यांनी सरळ त्या पोत्यात हात घातला आणि दोन किलो हळकुंडं स्वतः निवडून घेतली. एकेक मोडून, उजेडात धरून. उठल्या तेव्हा दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे झाले होते. वहिनींनी तांब्याभर पाणी पुढं केलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "जाईल आपोआप."

संगमावर जाऊन आम्ही बराच वेळ पाण्यात पाय सोडून बसलो. माहुलीचं पाणी इथं यायला किती दिवस लागत असतील, याचा हिशेब त्या करत होत्या. वहिनी म्हणाल्या दोन, मी म्हटलं चार. धरणं आणि बंधारे आहेत, त्यामुळे नक्की कोण सांगणार!

आता पुढची फेरी नायगावची. साताऱ्याच्या उत्तरेला, खंडाळा तालुक्यात. सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव. ३ जानेवारीला त्यांच्या जयंतीला तिथं फार गर्दी असते, म्हणून आम्ही आदल्या आठवड्यात जाणार आहोत. यावेळी धाकटे दीर गाडी घेऊन येतो म्हणालेत. सासूबाईंनी अजून होकार दिलेला नाही. पुरुषमाणूस बरोबर असलं की सारखी निघायची घाई करतं, असं त्यांचं म्हणणं आहे.